खूण न झालेली ओळ

या मित्रांनो, असे आत या. दारात उभं राहून गोष्ट ऐकू येत नाही, नुसता वारा लागतो. खिडकीजवळचा बाक रिकामा आहे, सरकून बसा. एका पुस्तकाची आणि ते पुस्तक दडवून बसलेल्या एका भल्या माणसाची गोष्ट तुम्हाला सांगतो. कॉफीचा कप गार व्हायच्या आत संपेल. मात्र कान इकडे हवेत आणि मन कानांत हवं.

मी एक जुना फळा आहे. एका सुताराने जाड लाकडाच्या तीन फळ्या सांधून मला घडवलं. काळा रंग तीनदा दिला आणि दर वेळी तो पुरता वाळेपर्यंत थांबला. त्या थांबण्याचं पुण्य मला अजून पुरतं आहे. पहिली एकतीस वर्षं मी शाळेत काढली. अंगावर पाढे घेतले, नद्या घेतल्या, राजांच्या सनावळ्या घेतल्या. मुलांनी माझ्यावर बघून बघून अक्षरं गिरवली आणि ती मुलं मोठी होऊन गेली. मग शाळेत गुळगुळीत पांढरे फळे आले आणि मला मागच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. चार वर्षं माझ्या अंगावर ओले झाडू टेकत राहिले. कुणी वाईट वागलं असं म्हणणार नाही. कुणी वागलंच नाही, आणि ते जास्त लागतं.

एके दिवशी त्या खोलीत काकू आल्या. आमच्या गावात कॉफीचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे काकूच म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे आहेत तेसुद्धा. त्यांनी पदराच्या टोकाने माझा एक कोपरा पुसला, बोटाने टकटक केलं आणि म्हणाल्या, "अजून धडधाकट आहे की हा." परमेश्वराला कुणाच्या तोंडून बोलायचं ते बरोबर कळतं, मित्रांनो. त्या एका वाक्यावर मी पुन्हा उभा राहिलो.

काकूंनी मला दुकानात दारासमोरच्या भिंतीवर टांगलं आणि मधोमध पांढऱ्या रंगाची उभी रेघ ओढली. उजवीकडे गावची खबर. डावीकडे पानगळीतली पुस्तकं. आमच्याकडे झाडांची पानं पिवळी पडू लागली की दिवस आखडतात, माणसं लवकर घरात शिरतात आणि हातात काहीतरी वाचायला मागतात. म्हणून ज्याला जे पुस्तक आवडलं ते त्याने माझ्यावर लिहायचं.

पण काकूंचे नियम कडक. खबर एकाच्या तोंडची चालत नाही, दोघांनी सांगितली तरच खडू उचलला जातो. पुस्तक सुचवायचं तर ते आधी शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं हवं, ओळ स्वतःच्या हाताने लिहायची आणि शेवट कुणाला सांगायचा नाही. दुसऱ्या कुणी ते पुस्तक वाचलं की त्या ओळीपुढे खूण करायची. पानगळ संपली की ज्या ओळीपुढे एकही खूण नाही ती पुसायची. एकदा खुद्द नगराध्यक्षांनी न वाचलेलं पुस्तक लिहिलं होतं. काकूंनी चार प्रश्न विचारले आणि त्यांच्यादेखत ओळ पुसली. वर कॉफीत साखर किती घालू, असंही विचारलं.

तर आता मूळ कथेकडे येतो.

काकूंचे थोरले भाऊ घड्याळं दुरुस्त करतात. दुकान समोरच्याच गल्लीत. गाव त्यांना घड्याळकाका म्हणतं. पातळ अंगकाठी, तिखट जीभ आणि हात असे की मुंगीच्या पायात पैंजण घालतील. रोज दुपारी तीन वाजता ते कॉफीला येतात आणि माझ्या खालच्या खुर्चीवर बसतात. त्या वर्षी पानगळीच्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्यासमोर उभे राहिले. डाव्या हाताने त्यांनी माझी कड चाचपली आणि उजव्या हाताने लिहिलं, "दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी. घाई करू नका. एकेक पान पुरवून वाचा."

मित्रांनो, फळ्याला लिहिणाऱ्याचा हात कळतो. ज्या माणसाचं अक्षर मोहरीएवढं, त्याने भोपळ्याएवढी अक्षरं काढली. ओळ चढत चढत गेली आणि मधली पांढरी रेघ ओलांडून, पुलाचा कठडा नुकताच रंगवल्याच्या खबरेवर जाऊन आदळली. मला तेव्हाच शंका आली. पण मला तोंड कुठे आहे? मी फक्त दाखवू शकतो, आणि त्या दिवशी कुणी नीट पाहिलं नाही. रोज पाव घेऊन येणारे पाववाले तर हसून म्हणाले, "घड्याळकाका, पुस्तक सुचवताय की दुकानाची पाटी रंगवताय?"

"तुझ्यासारख्याला दुरून दिसावं म्हणून मोठं काढलं," घड्याळकाका म्हणाले. सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

दिवस गेले. बाकीच्या ओळींपुढे खुणा पडू लागल्या. मधमाश्यांच्या पुस्तकाला चार, भटक्या वैद्याच्या आठवणींना सहा. रखवालदाराच्या ओळीपुढे एकही नाही. घड्याळकाका रोज येत आणि पाववाल्यांना विचारत, "काय रे, झाली का खूण?"

"समोर तर आहे फळा, बघा की," पाववाले म्हणत.

"मी कशाला बघू? तू सांग. तेवढंच तुझं काम."

पाववाल्यांना ती थट्टा वाटायची. ते नाही म्हणत आणि घड्याळकाका कपात बघत बसत. एका दुपारी त्यांनी बहिणीला हाक मारली. "चिमणे, उजवीकडे एक खबर लिही. घड्याळाचं दुकान महिनाअखेर कायमचं बंद."

काकू दूध तापवत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "एका तोंडची खबर मी लिहीत नाही, दादा. दुसरा कोण म्हणतो?"

"माझंच दुकान, दुसरा कशाला हवा?"

"नियम सगळ्यांना सारखा. आणि बंद करून करणार काय? घरी बसून भिंतीला टोचून बोलणार?"

त्यावरही हशा झाला. घड्याळकाकाही हसले, पण त्यांनी कप तोंडाला न लावताच खाली ठेवला. खुर्चीच्या मागे मीच होतो, म्हणून ते मला दिसलं.

इकडे गावात काय चाललं होतं तेही ऐका. ओळ वाचून लोकांना पुस्तक हवं होतं, फार हवं होतं. पण गावच्या वाचनालयात त्या कादंबरीची एकच प्रत, आणि ती बाहेर गेलेली. वाचनालयाच्या ताई येईल त्याला सांगत, "परत आलं की कळवते." कुणाकडे आहे ते मात्र सांगत नसत. कोण काय वाचतो हे दुसऱ्याला सांगायचं नाही, असा त्यांचाही नियम. नियमांनी आमचं गाव असं घट्ट बांधलेलं आहे की कधी कधी श्वास कोंडतो.

पानगळ सरत आली. ओळी पुसायला पाच दिवस उरले, त्या दुपारी ताई स्वतः कॉफीला आल्या. घड्याळकाका जागेवर होते आणि तक्रार चालू होती. "या गावाला चांगलं वाचायचंच नाही. सव्वा महिना झाला. एका माणसाने पुस्तकाला हात लावला नाही."

पाववाल्यांना राहवलं नाही. "अहो काका, मी तीनदा जाऊन आलो वाचनालयात. आमच्या हिनेही दोनदा विचारलं. पुस्तक मिळेल तर हात लावू ना."

"मग गेलं कुठे पुस्तक?" काकूंनी मधेच विचारलं.

ताईंनी कप खाली ठेवला. त्यांचे गाल हसू दाबून दाबून लाल झाले होते. "नाव मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगते. ते पुस्तक उन्हाळ्यात ज्यांनी नेलं, ते अजून परत करत नाहीत आणि रोज इथे बसून कुणी वाचत नाही म्हणून रागावतात."

सगळ्या माना एकदम खुर्चीकडे वळल्या.

अशी चूक दुसरा कोण करणार, मित्रांनो? गावातली एकुलती एक प्रत स्वतःच्या उशाशी ठेवायची आणि गावाने ती वाचावी म्हणून वाट बघायची. पाववाले तर खांबाला धरून हसले. काकूही हसल्या. "दादा, कमाल आहे तुझी. परत का नाही केलंस?"

"माझं वाचून झालं नाही अजून."

हसू थांबलं. काकूंनी सावकाश हात पुसले. न वाचलेलं पुस्तक माझ्यावर लिहिलं गेलं होतं, तेही त्यांच्या सख्ख्या भावाकडून. नगराध्यक्षांना न सोडणारी बाई ती. ओलं फडकं घेऊन त्या माझ्यापाशी आल्या. फडक्याचा गारवा मला पहिल्या अक्षराजवळ जाणवला.

"का असं केलंस, दादा?"

घड्याळकाकांनी कप बाजूला सरकवला. मग आवाज उतरला. "शेवटची चाळीस पानं राहिली आहेत. अक्षरं धुक्यात गेल्यासारखी होतात. भिंग लावलं, दिवा जवळ घेतला, काही नाही. म्हटलं, फळ्यावर लिहावं. कुणीतरी वाचेल, इथे बसून गप्पा मारेल, त्या रखवालदाराचं पुढे काय झालं ते कानावर पडेल. पण पुस्तक हातातून सोडवेना. उद्या दिसेल, परवा दिसेल, असं वाटत राहिलं."

"आणि घड्याळं?"

"गेल्या महिन्यात सगळी परत दिली. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून सांगितलं." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "मिळतात सगळे. मला दिसत नाहीत."

काकूंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. भोपळ्याएवढी अक्षरं, चढत गेलेली ओळ, रेघेपलीकडे जाऊन पडलेले शब्द. महिनाभर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते सगळं. मी काही बोललो नव्हतो, पण लपवलंही नव्हतं. काकू त्या ओळीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"मी रोज तुला कप हातात देते," त्या म्हणाल्या, "आणि मला कळलं नाही."

"तू कप हातात देतेस म्हणूनच कळलं नाही, चिमणे."

ओळ पुसली नाही. पण नियमही मोडला नाही. काकूंनी डोळे पुसले आणि हुकूम सोडला. "पुस्तक घेऊन ये. पाच दिवस आहेत. इथेच वाचून संपवू. मग ओळ खरी होईल."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीन वाजता दुकानात वाचन सुरू झालं. घड्याळकाकांनी आधीची गोष्ट तोंडी सांगितली आणि राहिलेल्यातली पहिली दहा पानं ताईंनी वाचली. दुसऱ्या दिवशी पाववाल्यांनी वाचली, ती स्वल्पविरामाला न थांबता, गाडी सुटल्यासारखी. घड्याळकाकांनी त्यांना दोनदा मागे आणलं. पण तिसऱ्या दिवशी काकू वाचायला बसल्या आणि मित्रांनो, काय सांगू! त्यांच्या आवाजाला लय होती. वादळ आलं तिथे आवाज चढला, दिव्याची वात बारीक झाली तिथे त्या इतक्या हळू वाचू लागल्या की लोकांनी चमचे हलवणं थांबवलं. कॉफी दळायचं यंत्र कुणीतरी बंद केलं. दारातून आलेली माणसं चपला वाजू न देता भिंतीला टेकली. एकाने सांगावं आणि चाळीस जणांनी एका श्वासाने ऐकावं, यापरतं देवाचं देणं मी पाहिलेलं नाही. घड्याळकाका डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. चौथ्या दिवशी पुस्तक संपलं. रखवालदाराचं काय झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. नियम म्हणजे नियम.

कानाने ऐकलेलंही वाचलेलंच, असं काकूंनी ठरवलं आणि त्या दिवशी ओळीपुढे खुणा करायला रांग लागली. घड्याळकाका मात्र जागेवरच होते. लोक पांगल्यावर काकू त्यांच्यासमोर बसल्या. "आता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं."

"नको. डॉक्टरने एकदा सांगितलं की नजर गेली, की मग गेलीच."

"न वाचता शेवट ठरवतोस?" काकू म्हणाल्या. त्यांनी भावाची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि दंड धरून उठवलं.

दोन तासांनी दोघं परत आले. काकूंनी कोट न काढताच खडू घेतला. ताई आणि पाववाले वाटच बघत होते. "डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. काढता येतो. हे झालं एक तोंड," काकू म्हणाल्या. "दुसरं?"

घड्याळकाकांनी घसा साफ केला. "मी म्हणतो. दुकान दोन महिने बंद. नंतर चालू."

आणि काकूंनी ते माझ्यावर लिहिलं. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर किती काय लिहिलं गेलं असेल. पण काही शब्द लाकडापर्यंत उतरतात, ते तसे उतरले.

त्या दोन महिन्यांत कुणी घरी जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवलं, कुणी औषधाचे थेंब घातले. पाववाल्यांनी वाचताना स्वल्पविरामाला थांबायला शिकून घेतलं.

झाडं पूर्ण उघडी झाली होती तेव्हा एका सकाळी घड्याळकाका एकटेच आले. काळा चष्मा दारातच काढला आणि तिथूनच माझ्याकडे पाहिलं. हरवलेल्या तपकिरी हातमोज्याची खबर वाचली. मधमाश्या वाचल्या, वैद्य वाचला. मग जवळ येऊन माझ्या खालच्या कडेशी वाकले.

"चिमणे, इकडे ये. फळ्याला भेग पडली आहे. केसाएवढी. या थंडीत वाढेल."

"मला नाही दिसत," काकू म्हणाल्या.

"मला दिसते," घड्याळकाका म्हणाले.

त्यांनी दुकानातून बारीक पाती आणली, सरस आणला आणि अर्धा तास गुडघ्यांवर बसून माझी भेग भरली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसा, जपा, एवढं मागणं तर आहेच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणीतरी असेल. अलीकडे त्याचं अक्षर मोठं झालं असेल, किंवा "तूच वाचून सांग" असं तो जरा जास्तच म्हणत असेल. आज घरी जाल तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा.