तोंडात कापूस

मी एका जुन्या हेलिकॉप्टरचा भोंगा आहे आणि मित्रांनो, मी संतापलेलो आहे. आवाजच तसा असेल, असं समजू नका. मनापासून संतापलोय.

कारखान्यात मला पहिल्यांदा वाजवलं तेव्हा तपासनिसाने कानांवर हात ठेवले. "वा, काय भिकार ओरडतो!" असं म्हणून त्याने मला पास केलं. आयुष्यातलं ते शेवटचं कौतुक. मग मला पुढच्या सीटमागे बसवलं. काम एकच. डोक्यावरची पाती मंदावली की बोंबलायचं. तेव्हा वैमानिकाने डाव्या हातातला दांडा झटकन खाली करायचा आणि इंजिनाला जोर द्यायचा. उशीर झाला, तर हेलिकॉप्टरात आणि धोंड्यात फरक राहत नाही.

बरीच वर्षं नवशिके आले, दचकले, शिकून गेले. मग दातांचे डॉक्टर आले. घरचं छोटं विमान हौसेने उडवणारे.

"विमान येतं मला, मॅडम," ते शिकवणाऱ्या बाईंना म्हणाले. "हे म्हणजे पंख काढलेलं विमानच की!"

पंख काढलेलं! त्यांच्या विमानातही एक भोंगा आहे, थेट माझ्या आवाजाचा. तो वाजला की विमानाचं नाक फार वर गेलेलं असतं, दांडा पुढे ढकलायचा असतो. डॉक्टरांच्या हाताला तेवढंच पाठ. मी ओरडलो की यांचा उजवा हात त्याच्या हातातला दुसरा दांडा पुढे ढकलणार! त्याने पाती आणखी मंदावतात. म्हणजे मरणाच्या दिशेने, तेही आत्मविश्वासाने.

"डॉक्टर, डावा हात! डावा हात खाली!" बाई दांडा हिसकावून घेत ओरडायच्या.

"कळतं हो. हात आपोआप जातो."

"मग हाताला समजवा. तो तुम्हालाच घेऊन पडणार आहे."

रविवारी बायकोला मागे बसवायचं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. तिच्यादेखत फजिती नको, म्हणून बाई हवामान बघायला खोलीत गेल्यावर त्यांनी खिशातून दवाखान्यातला कापूस काढला, माझ्या तोंडात गच्च कोंबला आणि वर चिकटपट्टी मारली. अंगाची लाही लाही झाली माझ्या, पण ओरडणार कशाने?

बायको मागे चढली आणि तिला मी समोरच दिसलो.

"अहो, हे काय?"

"काही नाही गं. उगाच बोंबलतो, मी बिचकतो."

"उगाच?"

"म्हणजे... पाती मंदावली की."

"म्हणजे आपण पडायला आलो की! पेशंट ओरडला तर तोंडात बोळा कोंबून त्याला घरी पाठवता का हो? की दात बघता?"

ती उतरली आणि बाकावर जाऊन बसली. "त्याचं ऐकायला शिका, मग मला हाक मारा."

बाई परत आल्या. पट्टी काढली, कापूस ओढला आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला. पुढच्या सीटकडे बोट दाखवलं. मीसुद्धा घाबरलो.

मग वर नेऊन बाई मुद्दाम पाती मंद करत राहिल्या आणि मी घसा फाडत राहिलो. उजवा हात पुढे, बाईंचा हात आडवा. पुन्हा पुढे, पुन्हा आडवा. डॉक्टरांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. शेवटी एकदा मी ओरडलो आणि त्यांचा डावा हात खाली गेला. उजवा जागचा हलला नाही.

"परत," बाई म्हणाल्या.

उतरल्यावर डॉक्टर बाकापाशी गेले. "आज तुला नेत नाही. अजून शिकतोय मी."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली आणि सरकून त्यांना जागा दिली.

मित्रांनो, आता माझी विनंती. विनंती कसली, दमच समजा. मला पुसू नका, माझे लाड करू नका. मी ओरडलो की खुशाल शिव्या द्या. फक्त आधी डावा हात खाली करा, मग द्या.