मुकादमाच्या गळ्यातला बिल्ला

बिल्ले कोरणाऱ्याचं दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. त्यात आई, बिट्टी आणि मुकादम अशी तिघं शिरली, तेव्हा किल्ली करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर पायरीवर सरकावं लागलं.

मुकादम म्हणजे कुत्रा. प्रशिक्षण केंद्रातून आला तेव्हा त्याचं नाव भलतंच काहीतरी होतं. पण पहिल्याच आठवड्यात, घरातल्या प्रत्येकाकडे डोकावून, कोण काय करतंय ते बघून, मगच बूड टेकायचं अशी शिस्त त्याने लावून घेतली आणि आईच्या तोंडून नाव निघून गेलं. बिट्टीला फिट यायची असली की त्याला आधी कळायचं. तो तिच्या गुडघ्याला नाकाने ढोसायला लागायचा. ती जिथे असेल तिथे खाली बसायची. तरीही आडवी झालीच, तर तो तिच्या अंगाला अंग लावून पडायचा आणि माणसं गोळा होईपर्यंत भुंकायचा. बिट्टी चोवीस वर्षांची. एका ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची नोकरी ती करू शकत होती, एकटी जाऊ-येऊ शकत होती, ते या मुकादमाच्या जिवावर.

पाच आठवड्यांपूर्वी बसथांब्यावर ती पडली. मुकादम शिकवल्याप्रमाणे तिला बिलगून भुंकू लागला. लोकांना वाटलं, कुत्र्याने पोरीवर झडप घातली. एकाने छत्रीने त्याला झोडपलं, दुसऱ्याने फरफटत नेऊन खांबाला बांधलं. कुणीतरी मदत म्हणून बिट्टीच्या तोंडात पाणी ओतलं. ते छातीत गेलं. नऊ दिवस दवाखान्यात काढावे लागले. मुकादमाला मोकाट कुत्र्यांची गाडी घेऊन गेली आणि तो तिसऱ्या दिवशी, मागचा एक पाय उचलून धरत, घरी आला.

उकाड्यामुळे त्या दिवशी बिट्टीने त्याचं कामाचं जाकीट घरीच ठेवलं होतं. गळ्यात बिल्ला आहे ना, मग झालं, असा तिचा हिशेब. बिल्ला गळ्यात नव्हताच.

तो कुठे होता हे एकट्या आईला माहीत होतं. घरमालक भाड्याचा करार वाढवायला येणार होता, त्या सकाळी तिने स्वतःच्या हाताने तो काढून शिवणाच्या डब्यात टाकला होता. आधीच्या मालकाने बिट्टीला जिन्यात फिट आलेली पाहिली आणि महिन्याभरात खोल्या रिकाम्या करून घेतल्या, त्याची तिने हाय खाल्ली होती. ‘मालकिणीला फिट येते’ असं गळ्यात मिरवणारा कुत्रा नव्या मालकाच्या पायाशी जाऊन बसला असता, तर? मालक चहा पिऊन, सही करून गेला. बिल्ला परत लावायचा राहून गेला. पुढचे चार दिवस तिला आठवणच झाली नाही. आठवण झाली ती दवाखान्यातून फोन आल्यावर.

‘‘पडला असेल कुठेतरी गळून,’’ बिट्टी म्हणाली होती, आणि आई गप्प राहिली होती.

‘‘बोला ताई,’’ कोरणाऱ्या काकांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर चढवलं. ‘‘पितळ, स्टील की अ‍ॅल्युमिनियम? अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण वर्षात अक्षर पुसतं. पितळ दिसतं छान, पण घासायला माणूस ठेवावा लागतो.’’

‘‘स्टील,’’ बिट्टी म्हणाली. ‘‘आणि वाजायला नको. ग्रंथालयात वाजला की वाचणारे लोक आधी बिल्ल्याकडे बघतात, मग माझ्याकडे.’’

‘‘मग कडेला रबर बसवू. आकार? हाडाचा आहे, पंजाचा आहे, बदाम आहे.’’

‘‘बदाम नको हो. मुकादम आहे तो.’’

काका खळखळून हसले. आईही हसली.

गोल बिल्ला ठरला, रुपयापेक्षा थोडा मोठा. एका बाजूला पाच ओळी मावतील, काका म्हणाले, पण जोडाक्षरं कमी ठेवा, इतक्या बारीक कोरणीत त्यांचा नुसता गठ्ठा होतो. बिट्टीने ‘अपस्मार’ लिहून आणलं होतं. काकांनी ते भिंगातून पाहून मान हलवली. ‘‘हा ‘स्म’ म्हणजे मेलेली माशी दिसेल बघा. ‘फिट’ लिहा. वाचणाऱ्याला लगेच कळेल.’’

मग ते खाली वाकले. ‘‘पट्टा बघू पहिलवानाचा.’’

काकांचा हात वर येताच मुकादम मागे दबला. छत्रीच्या त्या दिवसापासून त्याला कुणाचाही उचललेला हात सोसत नव्हता. बिट्टीने त्याचं डोकं मांडीशी धरलं, तेव्हा काकांनी पट्ट्यावरचं कडं फिरवून पाहिलं.

‘‘जुना बिल्ला हरवला म्हणालात ना? गळून नाही हो पडलेला. कडं शाबूत आहे. दोन वेढ्यांचं आहे हे, नख घालून उघडल्याशिवाय काही निघत नाही यातून. कुणीतरी काढलाय.’’

आईला कळत होतं, आत्ता बोलायला हवं होतं. ती म्हणाली, ‘‘केंद्रातल्या लोकांनी काढला असेल, तपासताना.’’

‘‘त्यांनी नाही. ते येऊन गेले त्यानंतरही होता.’’ बिट्टी कड्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरत गेला. ‘‘मीच काढला असेल. त्या आठवड्यात मला एकदा रात्री आली होती ना? त्यानंतरचं मला आठवत नाही कधीकधी. काढला असेल आणि... आई, असं आणखी काय काय करत असेन गं मी?’’

लेकीला शरीराचा भरवसा कधी नव्हताच. पण डोक्याचा होता. पुस्तकाचं कुठलं पान कुठल्या खणात ठेवलंय ते तिला महिन्यानंतरही आठवायचं, आणि त्याचा तिला केवढा अभिमान! तेवढं एक तिच्याजवळ होतं, आणि आई उभी राहून तेही काढून घेत होती.

‘‘मी काढला,’’ आई म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘बिल्ला. मी काढला. मालक येणार होते म्हणून. परत लावायचा विसरले.’’

काकांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि उगाचच एक किल्ली तपासायला घेतली.

‘‘आणि पाच आठवडे तू...’’ बिट्टीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ‘‘मी दवाखान्यात पडून पडून विचार करत होते, माझंच चुकलं. तू उशाशी बसून ऐकत होतीस.’’

‘‘धीर झाला नाही गं.’’

‘‘तुला माझी लाज वाटते.’’

‘‘भीती वाटते. घर जायची.’’

‘‘लाजही वाटते. थोडी तरी.’’

आईला ‘नाही’ म्हणणं सोपं होतं, पण ते पुरतं खरं नव्हतं.

बिट्टी मुकादमाला घेऊन बाहेर पायरीवर गेली. किल्लीवालं गिऱ्हाईक आणखी एक पायरी उतरलं. आईला वाटलं, ही अशीच निघून जाणार. पण पाच मिनिटांनी ती आत आली आणि काकांच्या कागदावर तिने एकटाकी लिहिलं: मुकादम. कामावर आहे, हाकलू नका. हिला फिट येते. तोंडात काही घालू नका. खाली नंबर. तो ग्रंथालयात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाइंडिंगवाल्या ताईचा होता.

‘‘माझा?’’ आईने विचारलं.

‘‘मागे. जागा उरली तर.’’

काकांनी एकदा मायलेकींकडे आणि एकदा कागदाकडे बघितलं. ‘‘उरेल,’’ ते म्हणाले.

घरी जाताना बिट्टी दोन पावलं पुढे चालत होती. मुकादम सवयीने वळून वळून आईकडे बघायचा आणि ती मागे येतेय याची खात्री करून घ्यायचा.

पुढचे दिवस वाईट गेले. भांडण नाही, अबोलाही नाही. ‘भाजी आण’, ‘दार लाव’ एवढंच. घरमालकाला आईने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तो ‘बघतो’ म्हणाला आणि अजून बघतोच आहे. केंद्राची माणसं मुकादमाची परीक्षा घेऊन गेली. पाय बरा होईल, पण गर्दीत हात उगारलेले पाहून तो बिचकत राहिला तर त्याला कामावरून काढावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले.

एका दुपारी आई गणवेशाच्या कारखान्यात कॉलरचं कापड बेतत असताना फोन वाजला. अनोळखी आवाज होता.

‘‘काकू, मी ग्रंथालयातली बाइंडिंगवाली. घाबरू नका. बिट्टीला पोस्टात फिट आली होती. खिडकीवरच्या मुलीने बिल्ला वाचला, मोठ्याने वाचून दाखवला सगळ्यांना. कुणी काही तोंडात घातलं नाही. मी घेऊन आलेय तिला. झोपलीय.’’

‘‘कधी झालं?’’

‘‘दीड तास झाला. तिने सांगितलं होतं, आधी सगळं निस्तरून मग तुम्हाला कळवायचं.’’

आईने खडू खाली ठेवला. दीड तास ती शांतपणे कॉलरी बेतत होती. लेक पोस्टाच्या फरशीवर होती आणि इकडे हिचा डोळासुद्धा लवला नव्हता.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास होता. बाकावर बिट्टी झोपली होती, बाकाखाली मुकादम. त्याने मान उचलली, आईला पाहिलं आणि पुन्हा टेकली. पोस्टात एकाने त्याला हाकलायला हात उगारला होता, ताई म्हणाली. तो थरथरला, पण हलला नाही. ताईने खुर्ची सरकवली. आई बसली.

बिट्टीने डोळे उघडले तेव्हा बाहेरचं ऊन भिंतीवरून उतरलं होतं.

‘‘कधी आलीस?’’

‘आत्ताच’ हे तोंडाशी आलं होतं.

‘‘तासभर झाला,’’ आई म्हणाली.

‘‘हं.’’ बिट्टीने पाय भिंतीकडे ओढून घेतले. बाकावर एका माणसापुरती जागा झाली. ती मुद्दाम केली की कुशीवर वळताना सहज झाली, हे आईला कळेना. विचारायचा धीरही होईना. ती खुर्चीतच बसून राहिली.