चंद्रा बाद

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत दादासो गवळी आपल्या म्हशीपायी अख्ख्या गल्लीवर रुसला. रुसला म्हणजे असा की, बायकोने, अंजनाने, तळणीतून काढलेली पहिली चकली पुढ्यात ठेवली, तर तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. चकलीवर राग काढणारा माणूस तो नव्हे. मामला गंभीर होता.

पाडव्याला कळंब्याच्या माळावर म्हशी पळवायच्या ही गवळ्यांची जुनी हौस. म्हशीची शिंगं रंगवायची, पाठीवर नक्षी कापायची, गळ्यात कवड्यांचा पट्टा घालायचा आणि धन्याने सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर बसून धडधडत पुढे सुटायचं. त्या आवाजामागे जिची धाव पहिली, तिच्या धन्याला फेटा. गेली काही वर्षं तो फेटा दादासोच्या चंद्राने दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाऊच दिला नव्हता.

आणि त्या सकाळी मंडळाचा अध्यक्ष कृष्णात, दादासोचा लहानपणापासूनचा मैतर, गोठ्यात येऊन म्हणाला, "दादासो, यंदा चंद्राला मिरवणुकीत सगळ्यांच्या फुडं चालव, मानानं. पर पळवू नगंस."

"का? लंगडी हाय काय ती?"

"लंगडी न्हाय, तीच अडचण हाय. बाळासो मोगराला दावणीला बांधून पाडव्याला कोडोलीला सासरवाडीत जाऊन बसतोय. बाकीच्यांनीबी हात वर केल्यात. तू एकटाच पळणार हायस व्हय माळावर?"

"हरत्यात म्हणून बंदी? ह्यो कुठला न्याय? चंद्रा पळंल, न्हायतर मी माळाकडं फिरकणार न्हाय. सांग जा तुझ्या मंडळाला."

कृष्णात चहा न घेताच गेला. त्या घरातून चहा न घेता आजवर पोस्टमनही गेला नव्हता.

दुपारी दादासो धुमसत कट्ट्यावर आला तर निशा, त्याची पाचवीतली लेक, एकटीच पत्ते पिसत बसलेली. हे पत्ते तिने स्वतः केलेले. दुकानातले पैलवानांचे पत्ते खेळून खेळून लिबलिबीत झाले, तेव्हा तिने जुन्या लग्नपत्रिका कापल्या आणि त्यांवर गल्लीतल्या म्हशी काढल्या. प्रत्येकीखाली दूध, शिंगं आणि पळणं यांचे आकडे. एकाने पत्ता टाकून कशाचा आकडा ते बोलायचं, ज्याचा मोठा त्याने समोरचा पत्ता खायचा. आकडे तिने जिच्या तिच्या धन्याला विचारून घातले होते, आणि आपल्या म्हशीचं दूध कमी सांगणारा गवळी अजून जन्मायचाय. फक्त चंद्राचे आकडे खरे होते, आणि तरी सगळ्यांत मोठे होते, असं दादासोचं ठाम म्हणणं.

"एकटीच का गं? बाळासोचा सूरज, मनाली कुठं हाईत?"

"न्हाय येत. म्हणत्यात तुझ्या खेळात मजा न्हाय."

"रडकी पोरं. बापावर गेल्यात. वाट, मी खेळतो."

पहिल्या डावात चंद्रा दादासोच्या हातात आली. त्याने मांडीवर थाप मारून सगळे पत्ते खाल्ले आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला. दुसऱ्या डावात ती निशाकडे गेली. दादासो हरला. तिसऱ्यातही तिच्याकडेच गेली. पण आता दादासोला खेळाची गोडी लागली होती. बाळासोच्या मोगराची शिंगं बाकी कुणाला हरायची नाहीत हे त्याने हेरून ठेवलं होतं. म्हणून त्याने मोगरा दाबून धरली, कृष्णातची राणी मुद्दाम खाऊ दिली, आणि वेळ साधून मोठ्या रुबाबात मोगरा टाकून म्हणाला, "शिंगं!"

निशाने जांभई देत चंद्रा टाकली.

"ए, ती चंद्रा काढ आधी भाईर," दादासो उखडला. "माणसानं डोकं चालवावं आणि ही येऊन गिळणार. ह्याला काय खेळ म्हणत्यात व्हय?"

निशाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "हरताय म्हणून बंदी? ह्यो कुठला न्याय, आप्पा?"

आत चकलीचा सोऱ्या थांबला. मग अंजना जी हसत सुटली, ती पदर तोंडाला लावूनही थांबेना. "कृष्णात भावजी सकाळी दुसरं काय सांगत व्हतं?"

दादासोचे कान लाल झाले. त्याने हातातले पत्ते खाली ठेवले. मग त्याने चंद्राचा पत्ता उचलला, गोठ्यात गव्हाणीवरच्या खिळ्याला अडकवला आणि चंद्राची मान खाजवत म्हणाला, "तुझं काय चुकलं न्हाय गं बाय." आणि दोन चकल्या हातात घेऊन कृष्णातकडे निघाला.

पाडव्याला चंद्रा मोरपिसं लावून सगळ्यांच्या पुढे चालली आणि मग बाभळीखाली निवांत रवंथ करत उभी राहिली. बाळासो सासरवाडीहून धावत आला होता. माळावर म्हशींची दाटी झाली. मोगरा आणि कृष्णातची राणी शिंगाला शिंग लावून सुटल्या, आणि दादासो टाचा उंचावून बघायला लागला. कोण जिंकणार ते त्याला माहीतच नव्हतं. कितीतरी वर्षांनी. शेवटाला राणीने मांडवाच्या झेंडूत तोंड घातलं, मोगरा पुढे निघाली, आणि ओरडून ओरडून दादासोचा घसा बसला.

"लेका, म्हैस माझी," बाळासो फेटा सावरत म्हणाला. "तू का नाचतोयास?"

"ठावं न्हाय गड्या. पर लई मजा आली."

संध्याकाळी बाळासोचा सूरज छाती काढून कट्ट्यावर आला. सोबत मनाली. "निशे, आमच्या मोगराचं पळणं वाढीव. चंद्राएवढं कर."

निशाने पेन्सिल उचलली.

"कर की," दादासो बसलेल्या आवाजात म्हणाला. "खिळ्याला अजून जागा हाय."

सूरजने गोठ्यातल्या खिळ्यावरच्या चंद्राच्या पत्त्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि निशाच्या हातातून मोगराचा पत्ता काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. हाय तेवढंच बरं हाय."

"मग वाट," म्हणत दादासो मांडी घालून पोरांत बसला, आणि जेवायला ये म्हणून अंजनाच्या हाका सुरू झाल्या तरी उठला नाही.