कोरी नळी

"मॅडम, हा वाघाच्या मावशीचा डीएनए निघालाय," सहायक पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला आणि हसू दिसू नये म्हणून त्याने मास्क वर ओढला.

मॅडमना हसू आलं नाही. पडद्यावर मांजराचा डीएनए होता आणि तो निघाला होता अशा नळीत, जिच्यात काहीच असायला नको होतं. प्रत्येक तपासणीत नमुन्यांच्या नळ्यांबरोबर एक नळी नुसत्या पाण्याची ठेवतात. ती कोरी राहिली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. बाकीच्या नळ्यांत होती एका माणसाच्या घरात सापडलेल्या नखाची पूड. नख खऱ्या बिबट्याचं की शिंग घासून केलेलं नकली, एवढं प्रयोगशाळेने सांगायचं होतं. त्यावर तो माणूस आत जाणार की मोकळा सुटणार, हे ठरणार होतं.

मॅडमनी उभी नोकरी याच खोलीत काढली होती. सुकलेलं रक्त, शिजवलेलं मांस, काहीही पुढ्यात ठेवा, जनावर कोणतं ते त्या सांगणार. माणसं मात्र हिला कधी ओळखता आली नाहीत, असं त्यांची बहीण म्हणायची. लग्न राहून गेलं. आईला सांभाळलं, मग आई गेली आणि आईची मांजर तेवढी मागे राहिली. पांढरी, एका कानाला चीर पडलेली, भलतीच शिष्ट. मॅडम घरी जे काही बोलायच्या ते तिच्याशीच.

चूक शोधायला फार वेळ लागला नाही. गाऊन, टोपी, हातमोजे, सगळं नियमाप्रमाणे होतं. पण खोलीत थंडी मरणाची, म्हणून मॅडमनी गाऊनच्या आत घरचा स्वेटर तसाच ठेवला होता. मांजर झोपायची ती त्याच स्वेटरवर. याच गोष्टीवरून नवशिक्यांना त्यांनी कितीदा फैलावर घेतलं होतं.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला टेकला होता. पूड अजून एका तपासणीपुरती उरलीय, गुपचूप पुन्हा करा, आधीचं कोण विचारतंय, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी नकार दिला. पहिली तपासणी बिघडली हे अहवालात जाणार होतं, का बिघडली तेही.

"मग कोर्टात पहिला प्रश्न काय येईल, माहितीये?" साहेब म्हणाले. "मांजर अजून घरात आहे का?"

"नसेल," मॅडम म्हणाल्या.

बहिणीच्या मुलाला दमा, तिथे सोय नव्हती. शेवटी तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी हो म्हटलं. काकांना वाटलं, चार दिवसांचा प्रश्न असेल. कायमची ठेवा, बिबट्याचे नमुने येतच राहणार, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली कात्री बाजूला ठेवून मांजर उचलून घेतली. मॅडमनी घर धुऊन काढलं. स्वेटर आईने विणलेला होता. तो पिशवीत बांधून कचऱ्यात टाकताना त्यांना रडू आलं आणि रडू आलं याचा रागही आला.

दुसऱ्या वेळी पाण्याची नळी कोरी राहिली. नख बिबट्याचंच होतं. कोर्टात त्या माणसाच्या वकिलांनी तो प्रश्न विचारलाच. मांजर होती, आता नाही, एवढं उत्तर देऊन मॅडम साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरल्या. त्या माणसाला शिक्षा झाली. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

त्या संध्याकाळी मॅडम घरी आल्या तर काकांचं दार उघडं होतं. मांजर बाहेर आली आणि त्यांच्या पायाला अंग घासू लागली. मॅडम पायरीवरच थांबल्या. दुसऱ्या दिवशी एका नव्या कातड्याचं काम होतं. त्यांनी दोन्ही हात खांद्यापर्यंत वर उचलून धरले, पाण्यात उतरलेला माणूस धरतो तसे.

"घ्या ना जरा जवळ," काका आतून म्हणाले. "रोज तुमच्या वेळेला दारात येऊन बसते."

"नको काका. आत घ्या तिला."

काकांनी मांजर उचलली आणि दार हळूच लोटून घेतलं. मॅडम वर गेल्या. अंगावरचे कपडे त्यांनी बादलीत भिजत टाकले. मग नळ सोडून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा साबण लावून धुतले. हातांना तर काहीच लागलं नव्हतं.