वीस काय?

ऑफिसात मला पेरूसर म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण आमच्याकडच्या भिंती पातळ आहेत.

आमची कंपनी लहान आहे आणि आम्ही काय बनवतो हे सांगायला लागलो की पाहुणे चहा संपवून उठतात. म्हणून थोडक्यात सांगतो. चार घरांतले चार संगणक एकमेकांपासून कितीही लांब असले, तरी आमच्या सॉफ्टवेअरमुळे ते एकाच खोलीत बसल्यासारखे थेट बोलतात. मधे कुणी साहेब नाही, सगळे शेजारी. शेजारी जागेवर आहे हे कळावं म्हणून प्रत्येक संगणक दर थोड्या वेळाने ‘मी आहे’ असा निरोप सोडतो. निरोप यायचे थांबले की ठरावीक वेळ वाट बघायची आणि मग त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा करायचा. किती वाट बघायची, किती वेळाने हाक मारायची, कुठल्या दारातून आत यायचं, हे सगळे आकडे एका फाइलमध्ये असतात. तिचं नाव स्थिरांक. ती गेली अकरा वर्षं माझ्या ताब्यात आहे.

त्या फाइलसाठी माझा एकच नियम आहे: आकड्यापुढे एकक लिहायचं. कुणी नुसतंच ‘तीस’ लिहून आणलं की मी विचारतो, "तीस काय? तीस पेरू?" नवीन पोरं हसतात. जुनी पोरं माझ्या आधीच ओठ हलवून वाक्य पूर्ण करतात.

प्रश्न मूळचा माझा नाही, आईचा आहे. तिने एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि एकक न लिहिणाऱ्या प्रत्येकाचा अर्धा गुण कापला. मी तिच्याच वर्गात होतो. पक्षपात दिसू नये म्हणून माझा पाऊण कापायची.

आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, एकटी राहते. ताई तिच्यापासून दहा मिनिटांवर आणि मी अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. मागच्या वर्षी आम्ही कॅमेरा लावायचा विषय काढला तर म्हणाली, "मी काय सराफाचं दुकान आहे?" गळ्यात घालायचं बटण आणून दिलं, ते तिने दाराच्या कडीला अडकवलं. फोन तर तिचा कायम ज्या खोलीत ती नसते त्या खोलीत असतो. शेवटी तडजोड झाली. आई सकाळी सातला संगणक लावून शब्दकोडी सोडवायला बसते, तो झोपेपर्यंत चालूच असतो. त्यावर मी आमचं सॉफ्टवेअर घातलं, ताईच्या संगणकावरही घातलं आणि आईच्या संगणकाची वायर मुद्दाम भिंतीलगत जमिनीवरून नेली.

"पडलीस आणि उठता आलं नाही, तर ही ओढायची," मी आईला दाखवलं. "ठिपका विझेल. विझला की ताई चपला घालून निघेल."

"किती वेळात विझतो?"

"वीस सेकंदांत."

"नक्की?"

"आई, ते मी लिहिलंय."

करून पाहिलं. वीस सेकंदांत विझला. आईने मान डोलावली, जशी बरोबर उत्तराला डोलवायची.

दोन महिन्यांपूर्वी ताईचा संगणक बंद पडला, तेव्हा मी तिला माझा जुना लॅपटॉप दिला. त्याची सिस्टिम वेगळी. पण आमचं सॉफ्टवेअर कुठल्याही सिस्टिमवर सारखंच चालतं, असं आमच्या जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं आहे. तेही मीच लिहिलंय.

मंगळवारी सकाळी नऊला ताईचा फोन आला.

"आई फोन उचलत नाहीये."

"ठिपका?"

"हिरवा आहे."

"मग झालं तर. कोड्यात अडकली असेल."

साडेदहाला पुन्हा आला.

"अजून उचलत नाही रे. जाऊन येऊ का?"

"हिरवा आहे ना? मग काय जीव टांगणीला लावून घेतेस? काही झालं असतं तर तिने वायर ओढली असती. माणसं खोटं बोलतात ताई, मशीन नाही बोलत."

"तू म्हणतोस तर."

मी म्हणत होतो. मग मी मीटिंगला गेलो. मीटिंगचा विषय विश्वासार्हता हा होता.

साडेबाराला ताई रोजच्यासारखी जेवणाचा डबा घेऊन गेली. आई टेबलाशेजारी जमिनीवर होती, खुब्याचं हाड मोडलेलं, मुठीत वायर.

बुधवारी ऑपरेशन झालं. गुरुवारी आई बोलायला लागली. पलंगाभोवती ताई, भावोजी, मी आणि मावशी. मावशी पर्स मांडीवर घेऊन अशी बसली होती की तिलाच कुणीतरी दाखल करून घ्यायचं राहिलंय.

"सात चाळीसला पडले," आई म्हणाली. "घड्याळ समोरच होतं. वायर ओढली आणि वीसपर्यंत मोजलं. म्हटलं, आता ही चपला घालत असेल. दहा मिनिटं गेली. म्हटलं, माझंच मोजणं चुकलं असेल. परत मोजलं."

"किती वेळा?" मी विचारलं.

"मग सोडून दिलं. पाढे म्हटले. एकोणतीसचा अजून येतो."

"दहा मिनिटांवर राहायचं," मावशी समोरच्या भिंतीला म्हणाली, "आणि पाच तासांनी यायचं. आमच्या वेळी ठिपके नव्हते बाई, माणसं होती."

"मला हिरवाच दिसत होता," ताई म्हणाली. "घरातून निघताना बघून निघाले. सव्वाबाराला."

"मी घरी सव्वाला पाहिला तेव्हा करडा होता," भावोजी म्हणाले. "आधीच झाला असेल गं. तुझा चष्म्याचा नंबर बदलला असेल." भावोजी आयुष्यात मोजक्याच वेळा बोलले आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा ते गप्प बसले असते तर चाललं असतं.

ताई माझ्याकडे वळली. "तूच सांग. विझलेला असून हिरवा दिसू शकतो का?"

गणिताच्या बाईंचा मुलगा असण्यातला तोटा हा की गुणाकार मनात आपोआप होतो, थांबवता येत नाही. सात चाळीसला वायर ओढली. सव्वाला करडा. मधे साडेपाच तास आणि वर पाच मिनिटं. याचे सेकंद केले तर होतात वीस हजार आणि वर थोडे.

"नेटवर्कचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य दैवाला पर्याय म्हणून वापरतात.

मग मी जिन्यात जाऊन ऑफिसला फोन लावला. आमच्याकडे चाचणी करणारी एक मुलगी आहे, तिचं काम आमच्या चुका शोधणं, आणि ती ते आवडीने करते.

"पेरू... सर, बोला. आई कशी आहे?"

"बरी आहे. स्थिरांकाची फाइल उघड. वाट बघण्याचा आकडा वाच."

"वीस हजार."

"वीस हजार काय?"

"तेच तर लिहिलेलं नाहीये, सर. मी दोन महिन्यांपूर्वी कळवलं होतं की. एक सिस्टिम त्याला मिलिसेकंद समजते, तिथे वीस सेकंद बरोबर होतात. दुसरी सेकंद समजते. तिथे ठिपका साडेपाच तास हिरवा राहतो. तुम्ही त्यावर ‘पाहू’ असा शेरा मारलात."

"एवढाच?"

"‘पाहू. ठिपक्याकडे साडेपाच तास बघत कोण बसतंय.’ मी हसले होते वाचून."

"मूळ ओळ कुणी लिहिलीय?"

"अकरा वर्षांपूर्वीची आहे. नाव तुमचंच दिसतंय. तेव्हा तुमचा नियम नसेल, सर." हे ती दयेने म्हणाली, आणि तेच लागलं. "दुरुस्त करून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे. बदलाचं कारण काय लिहू?"

"लिही, एकक राहून गेलं होतं."

आपली भाषा मोठी सोयीची आहे. हातातून कप पडतो, दूध उतू जातं, एकक राहून जातं. लॅपटॉप बदलल्यावर वायर पुन्हा ओढून बघायची, तीही राहून जाते. कुणी काही करत नाही, सगळं आपलं आपण होतं.

पुढचे दोन दिवस मी अतिशय गुणी माणसासारखा वागलो. औषधं आणली, आईची उशी तिला नको असताना नीट केली, मावशीला दोनदा घरी सोडून आलो. ताईला म्हटलं, तू घरी जा, झोप, मी बसतो. अपराधी माणसाइतका उपयोगी नातेवाईक दुसरा नाही. "किती करतोस रे," ताई म्हणाली. मी तिची पाण्याची बाटली भरायला पळालो.

शनिवारी दुपारी ती आली ती हातात एक चिठ्ठी घेऊन. चष्म्याच्या दुकानातून आली होती.

"डोळे तपासले. नंबर तोच आहे," ती खुर्चीत बसत म्हणाली.

"मग बरंच आहे की."

"बरं काय त्यात? म्हणजे डोळ्यांना नीट दिसत होतं. डोक्याला कळलं नाही." तिने आवाज खाली आणला, आईला डोळा लागलेला वाटत होता. "बाबांचं असंच सुरू झालं होतं. आठवतं ना? लाल सिग्नल असताना गाडी काढायचे आणि हिरवा होता म्हणून भांडायचे. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. ह्यांना नाही सांगितलं अजून."

ती चिठ्ठीची घडी घालत होती, उघडत होती, परत घालत होती.

"ताई, ती वेळ रद्द कर," मी म्हणालो. "तुझं डोकं ठीक आहे. ठिपका हिरवाच होता. तो एक वाजून तेरा मिनिटांपर्यंत हिरवाच राहणार होता. तो वीस सेकंदांचा आकडा आहे ना, फाइलमध्ये त्याचं एकक राहून गेलं होतं."

"कोणाकडून?"

हे ताई बोलली नव्हती. पलंगावर आईचे डोळे मिटलेलेच होते.

"काय आई?"

"राहून गेलं म्हणालास. कोणाकडून?"

"माझ्याकडून."

"नीट वाक्य कर."

"मी एकक लिहिलं नाही," मी म्हणालो. "आणि दोन महिन्यांपूर्वी एकीने मला ते दाखवलं तेव्हा मी बघितलं नाही."

ताईची चिठ्ठी आता नखाएवढी झाली होती.

"तुला कधी कळलं हे?"

"गुरुवारी."

"मावशी मला बोलत होती तेव्हा?"

"हो."

"आणि मी तुला तोंडावर विचारलं तेव्हा?"

"हो."

तिने जरा वेळ छताकडे बघितलं. तीही त्याच बाईंची मुलगी आहे. "तुझं मशीन साडेपाच तास खोटं बोललं," ती म्हणाली, "आणि तू अठ्ठेचाळीस."

मी तिची पाण्याची बाटली उचलली. ती भरलेलीच होती.

"ठेव ती खाली," ताई म्हणाली. "मावशीला फोन लाव. स्पीकरवर."

"आत्ता?"

"नाही. पाहू."

हा शब्द मी तिला सांगितलेला नव्हता. तो तिला आपोआप सुचला होता, म्हणून जास्त झोंबला. मी फोन लावला.

"बोल रे," मावशी म्हणाली. "सगळं ठीक ना?"

"हो मावशी. ते त्या दिवशी काय झालं, की एक चूक झाली होती..."

ताईची भुवई वर गेली. आईने डोळे न उघडता चादरीवरून एक बोट उचललं. वर्गात फळ्याकडे तोंड असतानाही तिला मागचं कळायचं, तेव्हा असंच उचलायची.

"मावशी," मी पुन्हा सुरुवात केली, "मी चूक केली. ताईने नाही. मी."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "कसली चूक?"

"सांगतो. पण जरा वेळ लागेल."

"किती?"

"वीस," मी म्हणालो.

चादरीवरचं बोट अजून खाली आलं नव्हतं.

"वीस मिनिटं, मावशी."