पांढरी बोटं

फाटकं बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंगचे सांधे ग्राइंडरने घासून सपाट करायचं काम ती अकरा वर्षं करत होती. यंदा थंडी पडली आणि सकाळच्या पाळीत तिची बोटं खडूसारखी पांढरी पडू लागली. आधी मुंग्या यायच्या, मग स्पर्शच कळेनासा व्हायचा. एकदा तर चालू ग्राइंडर हातातून निसटला आणि पायाशेजारी आदळला.

मुकादम हसला. "कामाचा कंटाळा आला, की बोटंही बहाणे शिकतात."

दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं पुन्हा लाल झालेली असायची. डॉक्टरांना दिसणार काय, कपाळ?

शेजारच्याच टेबलावर ग्राइंडर चालवणारी थोरली नणंद म्हणाली, "गप बस गं. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"दाखवणार, ताई. निघालं अवलक्षण तर निघू दे."

रजा टाकून तिने मोठं रुग्णालय गाठलं. तिथल्या तपासनीस बाईंनी तिच्या बोटाला चिमटा लावला. चिमट्यात बारीक दिवा होता. पडद्यावर रेघ लाटेसारखी वरखाली होऊ लागली.

"हा उजेड कातडीतून आत जातो," बाईंनी सांगितलं. "थोडा रक्त शोषून घेतं, उरलेला परत येतो. दर ठोक्याला बोटात रक्त भरतं, तेव्हा कमी परततो. म्हणून ही लाट."

मग हात पाच मिनिटं गार पाण्यात. बाहेर काढून चिमटा लावला, तर रेघ सपाट.

"मेलं की काय बोट?"

"नाही हो. रक्तवाहिन्या आवळल्यात. ग्राइंडरच्या थरथरीने होतं असं. आता किती वेळाने सुटतात ते बघू."

बाईंनी स्वतःचाही हात बुडवून दाखवला. त्यांची लाट चार मिनिटांत परतली. हिची यायला सव्वीस मिनिटं लागली. घड्याळावरची नजर तिने हलवली नाही.

"उजेडाचे खेळ आहेत हे," अहवाल पाहून मुकादम म्हणाला. ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली, कागद टेबलावर ठेवला. "साहेब, वाचा. मी थांबते."

त्यांनी दोनदा वाचला. आठवड्याभरात तिला ग्राइंडरवरून काढून मोजमापाच्या टेबलावर बसवलं आणि ग्राइंडरवाल्या सगळ्यांची तपासणी ठरली. तिची बोटं गार सकाळी अजूनही पांढरी पडतात, पण आता कमी वेळा.

नणंद तपासणी करून आली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "माझी एकतीस मिनिटं."

"मग चला साहेबांकडे, ताई. आत्ताच."