ओलोक्सेय आबांचा बोल्ट

"आबा, तुम्ही बंदुकीला कुशीत घेऊन झोपता म्हणं. खरं का?"

कुन्नेय आणि सायना कुंपणामागं तोंडात हातमोजे कोंबून हसत होत्या. विचारून दाखव म्हणाल्या, मी विचारलं. या हिवाळ्यात मला कशाची म्हणून भीती वाटत नाही. शाळेत मास्तरांनाही मी उलट प्रश्न टाकते.

ओलोक्सेय आबा प्यायच्या पाण्यासाठी तळ्यावरून आणलेल्या बर्फाच्या लाद्या दाराशी रचत होते. श्वास सोडला की कानाशी चुरचुरत गोठायचा, असली थंडी. मला वाटलं, आता शिव्या खाणार.

"कुशीत न्हाई, उशाशी," ते म्हणाले. "आत ये. दार उघडं हाय, ऊब चाललीया समदी."

मैत्रिणी पळाल्या. मी आत गेले.

आमच्या गावात बंदूक घरात कुणी आणत नाही. ती बाहेरच्या थंड पडवीत, खुंटीवर. गारठलेलं लोखंड उबेत आलं की त्याला घाम फुटतो, आणि परत बाहेर नेलं की तोच घाम बोल्टच्या, म्हणजे गोळी मागून कोंडणाऱ्या लोखंडी दांड्याच्या, पोटात गोठतो, मग गोळी सुटत नाही. हे आम्हाला दुधाचे दात पडायच्या आधी कळतं. पण मागं एका शिकारीत आबांच्या समोर घोड्याएवढा एल्क, आमच्या रानातलं सांबर, उभा होता, त्यांनी चाप ओढला, आणि बंदूक नुसती 'भुस्स' झाली. पुढच्या खेपेलाही तेच. माझे बाबा शिकारटोळीचे म्होरके. शनिवारी टोळी निघणार, आणि त्यात ओलोक्सेय नको, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. एकट्याला रानात जाऊ द्यायचं नाही, हा तर गावाचा नियमच. म्हणजे आबांचं रान कायमचं सुटलं.

घरात रेडिओ मोठ्यानं बोलत होता, कुणी ऐकत नव्हतं. टेबलावर एकच कप. मी काही न विचारता उशाशी टेकवलेली बंदूक पुढ्यात ओढली. पोरींनी हात लावायचा नसतो म्हणतात. आबांनीच बोल्ट मागं ओढून काढून दिला.

गोळीला ठोकणारी मधली सुई मोकळी केली तर स्प्रिंगभोवती पिवळं, थिजलेलं घट्ट तेल. लोण्यासारखं.

"आबा, एवढं तेल? थंडीत कोरडा ठेवायचा असतो ना?"

"गंज दिसला की वतायचो. गंज यायचा, पुन्ना वतायचो." मग त्यांनी सुई माझ्या हातातनं घेतली. "ठावं हाय गं मला. पर माझी बायकू मार्पा व्हती तवर मी दारात आलो की ती गोठ्यातनंच वराडायची, 'बंदूक बाहेर!' चाळीस वरसं. मी आपणहून कधी भाईर ठेवलीच न्हाई. आता कुणी वराडत न्हाई, तर पाय थांबतच न्हाईत. सरळ आत."

तेल धुवायला मी पेट्रोलचा डबा शोधला. दारापाशी, चुलीपासून लांब बसून आम्ही एकेक तुकडा धुतला, फडक्यानं कोरडा केला. माझ्या दप्तरातल्या पेन्सिलीचं शिसं आबांनी सुरीनं खरवडून तेलाऐवजी सुईला चोळलं, ते थंडीत थिजत नाही. जोडताना स्प्रिंग मी दाबून धरली.

बंदूक पडवीत टांगून आम्ही चहा प्यालो. लोखंड पुरतं गारठल्यावर आबांनी रिकामाच चाप ओढला. टक्! सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज. मग अंगणात जाऊन एक गोळी खुंटाला घातली. खुंटाची ढलपी उडाली, गावभर कुत्री भुंकली.

आबा हसत, बंदूक खांद्यावर टाकून, सरळ घरात निघाले.

"आबा, बाहेर!" मी म्हटलं.

ते उंबऱ्यावर थांबले. पाठ माझ्याकडं. मग पडवीत वळून त्यांनी बंदूक खुंटीला अडकवली. मी गुपचूप घरी आले.

आई गाय पिळून आली होती. बाबा शनिवारसाठी स्की तासत होते. आबांची बंदूक चालते, हे मी सांगितलं. बाबा म्हणाले, बंदुकीचं काय, माणूस चालला पाहिजे.

मी हातमोजे काढले नाहीत.

"मग ऐका. शनिवारी तुम्ही त्यांना टोळीत घेतलं तर घेतलं. नाही घेतलं, तर त्यांच्या जोडीला मी जाणार आहे. दोघं झालो की ते एकटे नाहीत, गावाचाच नियम. आई, माझे फरचे बूट वाळत घाल."